टिचबटण

हिराजी मढवींनी कॅमेरा काउंटरवर ठेवला,
म्हणाले, यो बटन जरा इकरं सरकवता येल का?

मला हसू आलं. लोक काय काय मागतात.
बुरशी चढलेली लेन्स कालच्यासारखी करून द्या,
कार्डावरून पुसला गेलेला साखरपुडा परत आणा.
पण बटण सरकवा, हे पहिल्यांदाच.
काका, म्हटलं, हे काय घर आहे का, खिडकी बुजवून
शेजारी नवी पाडायला?

मग त्यांनी उजवा हात पुढे केला.
तर्जनी दुसऱ्या पेराशीच संपलेली.

गावदेवी मैदानामागे, झेरॉक्सवाल्याच्या पोटमाळ्यावर
मी अकरा वर्षं कॅमेरे उघडतेय.
सगळा देह त्या एका बोटासाठी बेतलेला असतो:
रबराची मूठ, मुठीवरून उतरता खांदा,
खांद्याच्या टोकाला, बरोबर तिथे, शटर,
आणि पाठीला अंगठ्यापुरता खळगा.
कुणीतरी आधी मातीचे नमुने केले असतील,
वीसेक जणांच्या हातात देऊन विचारलं असेल, बरं वाटतंय का?
त्या वीस जणांत मढवी नव्हते.
मीही नव्हते. आयएसओ गाठायला मला
दर वेळी मूठ सोडावी लागते.
आपलाच हात लहान, असं धरून चालले होते.

मढवी रबाळ्याला पत्रा ठोकायच्या प्रेसवर होते.
मशीनला दोन हिरवी बटणं, दीड हात अंतरावर.
दोन्ही हात दोन्हींवर, तेव्हाच डाय खाली येणार.
"लांब ठेवलेली ती हातांसाठीच," ते म्हणाले,
जणू मशीन बनवणाऱ्याची साक्ष काढत होते.
ठेकेदारानं डाव्या बटणात आइस्क्रीमची काडी खोचली,
वरून टेप. एक हात मोकळा झाला.
तासाला चाळीस नग जास्त निघायचे.
पुढचं त्यांनी सांगितलं नाही,
मी पंख्याचा वेग कमी-जास्त करत राहिले.

भरपाईच्या पैशातून हा कॅमेरा. आता हळदी करतात,
गोठिवली, तळवली, घणसोली.
डीजेपुढे नवऱ्याची आत्या डोक्यावर पदर खोचून नाचते,
आणि मधलं बोट शटरवर पोचेपर्यंत
आत्या दम लागून खाली बसलेली असते.

मी मेनू उघडला. फोकस शटरवरून काढला,
पाठीच्या बटणावर, अंगठ्याकडे दिला.
अर्धंच दाबून थांबणं हे तर्जनीचं कसब.
मधलं बोट आडदांड, त्याला अर्धं कळत नाही,
गेलं की गेलंच.
राहिला प्रश्न पोचण्याचा.
डबा उपडा केला. स्प्रिंगा, तुटके दाते, मामांचा चष्म्याचा स्क्रू,
आणि आईच्या ब्लाउजचं एक टिचबटण.
त्याची फुगीर बाजू कानशीनं घासली,
शटरवर बसवली, किंचित तिरकी, मधल्या बोटाच्या वाटेवर.
दोन मिलिमीटरची टेकडी.
कंपनीवाल्यांनी पाहिलं तर माझं दुकान बंद करतील.

दाबा, म्हटलं.
खट्.
माझाच फोटो. तोंड उघडं, हातात चिमटा.
पुसा तो, म्हटलं, तर त्यांना बटण सापडेना.
कचरापेटीचं ते, डाव्या कडेला, मुठीपासून सगळ्यात लांब.
मी दाखवायला गेले, त्यांनी कॅमेरा छातीशी ओढला.
"यो लांबच ऱ्हाउंदे."

ऐंशी रुपये सांगितले, शंभर दिले.
सुट्टे दोघांकडेही नव्हते.

त्या रात्री मी माझा मेनू उघडला,
आयएसओ जवळच्या लाल बटणावर आणलं.
दोन मिनिटं लागली.

वैशाख संपताना कॅमेरा साफसफाईला आला.
चाकाच्या दात्यादात्यांत हळद.
ब्रशनं सगळी काढली.
टिचबटण तेवढं पिवळं पडलं होतं, ते राहू दिलं.